समोर बसून की स्क्रीनवरून? आधी ऐकणारं कोण ते ठरवा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पुण्यात भाषाविज्ञानात पीएचडी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. मालवणीत माणसं घडलेली गोष्ट कशी सांगतात, सांगताना काळ आणि क्रियापदांची रूपं कशी बदलतात, हा त्यांचा विषय. त्या मूळच्या सोलापूरकडच्या. मालवणी कळते, बोलता येत नाही. प्रवासाला पैसे नाहीत म्हणून मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून त्यांनी सिंधुदुर्गातल्या काही जणांच्या झूमवर मुलाखती घेतल्या. सगळे प्रमाण मराठीत बोलले. "मालवणीत बोला ना" म्हटलं की दोन वाक्यं मालवणीत, की परत मराठी. मग पदरचे पैसे घालून त्या कुडाळजवळच्या एका गावी जाऊन आल्या. तिथल्या आजी ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या आणि त्यांनीही जमेल तितक्या शुद्ध मराठीत उत्तरं दिली. मध्येच मुलाचा मुंबईहून फोन आला, त्यात मुलाखत तुटली. आता त्या विचारतात: नैसर्गिक बोलणं प्रत्यक्ष जाऊनच मिळतं का? मग तिथेही का मिळालं नाही? झूमवरचं साहित्य परीक्षक मान्य करतील का, की ते फेकून द्यावं?

उत्तर

तो फोन तुम्ही व्यत्यय म्हणून नोंदवला आहे. पण आजी फोनवर काय बोलल्या तेही तुम्ही टिपणात उतरवून ठेवलंत, हे फार बरं केलंत: "जेवलंस काय रे? मगे करतंय फोन, हय पुण्यासून एक चेडू इलाहा." (मग करते फोन, इथे पुण्याहून एक मुलगी आली आहे.) तुमच्यापुढे 'आम्ही पहाटे उठतो, मग शेतावर जातो' अशी वाक्यं जुळवणाऱ्या आजींच्या तोंडून, मुलाचा आवाज कानावर पडताच, एका दमात मालवणी आली. खोली तीच, खुर्ची तीच, रेकॉर्डर तोच, आणि तुम्हीही तिथेच. बदललं ते फक्त ऐकणारं माणूस. तेही समोर नव्हतं, मुंबईत होतं.

म्हणून 'ऑनलाइन की प्रत्यक्ष' या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: माझा माणूस कोणाशी बोलतो आहे? तुम्ही आत्तापर्यंत घेतलेल्या सगळ्या मुलाखतींत त्याचं उत्तर एकच आहे, पुण्याहून आलेल्या शिकलेल्या पाहुणीशी. पाहुणीशी पाहुण्यांच्या भाषेत बोलणं हा कोकणातल्या घरातला शिष्टाचार आहे. तो आजींनी झूमवर पाळला असता, ओसरीवरही पाळला. यात त्यांचं काही चुकलं नाही आणि झूमचाही यात फारसा दोष नाही.

हा पेच तुमच्या एकटीचा नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव यांनी तो १९७२ मध्ये नेमक्या शब्दांत मांडला: कोणी निरीक्षण करत नसताना माणसं कशी बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला निरीक्षणच करावं लागतं. त्यांनीच १९६९ च्या एका लेखात सांगितलेला न्यूयॉर्कच्या हार्लेममधला प्रसंग तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे. आठ वर्षांच्या लिऑनची मुलाखत घेणारा माणूस हार्लेममध्येच वाढलेला, त्याच समाजातला. तरी लिऑन 'हो', 'नाही'च्या पलीकडे जाईना. पुढच्या वेळी तोच मुलाखतकार बटाट्याचे वेफर्स घेऊन गेला, लिऑनच्या जिवलग मित्राला सोबत बसवलं, स्वतः जमिनीवर बसला, आणि एरवी मोठ्यांपुढे न बोलण्याचे शब्द आधी आपणच उच्चारले. मग दोन्ही पोरं एकमेकांच्या तोंडातली वाक्यं ओढून घेत बोलायला लागली. पहिल्या वेळीही भेट प्रत्यक्षच होती, मुलाखतकारही 'आपल्यातला' होता. एवढ्याने भागलं नाही. बोलण्याला आणखी एक समवयस्क कान मिळाला तेव्हा भागलं.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत दडलेलं आहे. तुम्ही लिहिता, 'अस्सल मालवणी मिळत नाही, मराठी मिसळते.' ही मिसळ म्हणजे साहित्यातला कचरा आहे असं कोणी ठरवलं? सिंधुदुर्गातला माणूस शाळेत प्रमाण मराठी शिकतो, टीव्हीवर मराठी ऐकतो, तरुणपणी मुंबईला जातो, म्हातारपणी परत येतो. त्याच्या तोंडी मालवणी आणि मराठी शेजारी शेजारी नांदतात, आणि कुठे कोणती यावी याचे त्याचे नियम पक्के असतात. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास तुम्ही वाचला असेलच. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या एकाच गावात बोलल्या गेल्याने व्याकरणाने इतक्या जवळ आल्या होत्या की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत होतं. 'शुद्ध' कन्नडच हवी असा हट्ट धरला असता तर त्यांच्या हाती काय लागलं असतं? तेव्हा गोष्ट सांगताना तुमचा वक्ता मालवणीतून मराठीत कधी जातो आणि परत कधी येतो, हे आधी नीट टिपा. साहेबाचं बोलणं सांगताना मराठी, आईचं सांगताना मालवणी, असं काही दिसलं तर ते तुमच्या विषयाच्या गाभ्यातलं आहे.

"मालवणीत बोला ना" ही विनंती मात्र आजपासून बंद करा. त्या विनंतीने माणूस मनात मराठी वाक्य तयार करतो आणि त्याचं मालवणी भाषांतर करून देतो. हे आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. ब्रिटिश काळात झालेल्या ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात उधळ्या पुत्राची बायबलमधली गोष्ट ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांमार्फत स्थानिक बोलींत उतरवून मागवली गेली. मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. दुरून साहित्य गोळा करण्याचा तो प्रचंड खटाटोप होता आणि त्याचं मोल आजही आहे, पण भाषांतरित नमुन्यात सांगणारा आपल्या मनाने गोष्ट कशी रचतो ते सापडत नाही. तिथे लोककथांसारखे दुसरे नमुनेही मागवले होते, ते या बाबतीत जास्त बोलके आहेत. तुमचा विषय कथनाचा असल्यामुळे हा फरक तुम्हाला कोणत्याही यंत्रापेक्षा महाग पडेल.

आता यंत्राकडे येते, कारण तिथे खरा फरक आहेच. झूमसारखी साधनं आवाज दाबून, छाटून पाठवतात. पंख्याची घरघर काढून टाकताना ती 'हं', 'होय गो', 'मगे?' असे हलके हुंकारही गिळतात. दोघं एकाच वेळी बोलले तर एकाचा आवाज दबतो. कोविडच्या काळात ज्यांनी एकच बोलणं वेगवेगळ्या साधनांवर मुद्रित करून तुलना केली त्यांना दिसलं की स्वराची उंची, म्हणजे चढउतार, बऱ्यापैकी शाबूत राहते. पण स्वरांचे फॉर्मंट (ज्यांवरून 'अ', 'इ', 'उ' वेगळे ओळखू येतात ते नादाचे पट्टे) आणि 'स', 'श' यांसारख्या घर्षक ध्वनींची मोजमापं बिघडतात, आणि प्रत्येक साधनावर वेगळी बिघडतात. मालवणीच्या नाकातल्या स्वरांवर तुम्ही उद्या काही लिहिणार असाल तर झूमच्या फाइलवर एक आकडाही मोजू नका. क्रियापदाचं रूप आणि वाक्यांचा क्रम मात्र त्या फाइलमधून नीट कळतो. 'गेलो', 'गेल्लो' आणि 'जाय होतो' यांत गफलत होण्याइतका आवाज खराब नसतो. शंका वाटली तर वक्त्याला तो तुकडा परत ऐकवून विचारता येतं.

दुसरा फरक वेळेचा आहे. माणसं बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो; जगातल्या अगदी वेगवेगळ्या दहा भाषांत हे २००९ मध्ये तपासलं गेलं. व्हिडिओ कॉलवर ध्वनी पोहोचायलाच उशीर होतो आणि तो लयबद्ध फेरा मोडतो. मग लोक सभ्यपणे थांबून, पाळीपाळीने, लांबलचक बोलतात. चुरचुरीत संवाद हवा असेल तर हे मारक आहे. एकट्याची लांब गोष्ट हवी असेल तर तितकंसं नाही, उलट मध्ये कोणी तोडत नाही. फक्त गोष्टीला श्रोत्याचा हुंकार लागतो, आणि तुमचा हुंकार अर्ध्या सेकंदाने पोहोचला तर सांगणारा बिचकतो. झूमवर असाल तर तोंडाने हुंकार देण्याऐवजी कॅमेऱ्याकडे पाहून मान हलवा. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये मुद्रित करण्याची सोय आपल्या संगणकावर रेकॉर्डिंग करताना मिळते, ती चालू ठेवा. संगीतासाठी दिलेला 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय दोन्ही टोकांना चालू केला तर आवाजाची छाटणी बरीच कमी होते.

पण तुमच्या जागी मी असते तर झूमवर प्रश्नोत्तरं करतच बसले नसते. कोकणातल्या घराघरांत फोन हीच मालवणीची एक नित्याची जागा आहे. मुलगा परळला, सून ठाण्याला, आई गावी. रोज संध्याकाळी फोन होतो आणि त्यात आंब्याचा मोहोर, शेजाऱ्याचा बांध, कोणाचं लग्न, सगळं येतं. तुमच्या मुलाखतीसाठी कोणी मांडून दिलेला हा प्रसंग नाही, तो तसाही होतोच. तो मुद्रित करण्याची परवानगी मागा. दोन्ही टोकांना घरातला दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवून त्यात साध्या रेकॉर्डर ॲपने वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) करायची. कॉल चालू असलेल्या फोनचा स्पीकर बंद ठेवून तो कानाला लावायला सांगा, म्हणजे या टोकाच्या फाइलमध्ये पलीकडचा आवाज मिसळत नाही. सुरुवातीला दोघांनी 'एक, दोन, तीन' म्हणून एकदम टाळी वाजवली की पुढे ईलानमध्ये (ध्वनिमुद्रणं लिहून काढण्याच्या संगणक-साधनात) दोन्ही फाइली बऱ्यापैकी जवळ आणता येतात. तंतोतंत जुळणार नाहीत, फोनचा उशीर मध्ये असतो. दोन बोलण्यांमधली अंतरं म्हणून त्यावर मोजू नका. फाइल तुमच्याकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हवर टाकायला सांगा. आवाजाचा निरोप म्हणून पाठवली तर ती पुन्हा दाबली जाते.

पहिल्या काही मिनिटांत दोघंही जपून बोलतील. तो भाग मोजणीतून वगळायचा हे आधीच ठरवून टाका, आणि एकाच कॉलवर थांबू नका. रेकॉर्डिंगची सवय झाल्यावरचे कॉल वेगळेच असतात.

परवानगीचं मी सविस्तर लिहिते, कारण या पद्धतीत घाई सगळ्यात जास्त होते. फोनला दोन टोकं असतात आणि संमती दोन्हीकडून लागते. आजींनी हो म्हटलं म्हणजे मुलाने म्हटलं असं नाही. आणि ज्या तिसऱ्या माणसाबद्दल ते बोलतील, बांधावरून भांडणारा शेजारी, घटस्फोट झालेली पुतणी, त्यांनी तर कशालाच हो म्हटलेलं नाही. म्हणून रेकॉर्डिंग तुमच्याकडे येण्याआधी कुटुंबाने ते ऐकायचं, नको तो भाग काढायचा, आणि उरलेलंच पाठवायचं, असा करार करा. काय काढलं हे विचारू नका. संमती तोंडी असली तरी चालते, पण ती मालवणीत समजावून, मुद्रित करून घ्या. विद्यापीठाचा इंग्रजी फॉर्म आजींपुढे ठेवून अंगठा घेण्यात काही अर्थ नाही. आपल्या देशात २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, संस्थेच्या नैतिकता समितीशीही एकदा बोलून घ्या. त्या दिवशी आजींचं फोनवरचं बोलणं रेकॉर्डरमध्ये आलं असेल तर ते वापरण्याआधी आजींना ऐकवा आणि विचारा. त्या नको म्हणाल्या तर पुसून टाका, कितीही जिवावर आलं तरी.

दुसरी गोष्ट, तुम्हाला गावातलीच एक जोडीदारीण हवी. कुडाळ, सावंतवाडी, कणकवलीच्या महाविद्यालयांत मराठी घेऊन शिकणारी, घरी मालवणी बोलणारी मुलगी शोधा. तिला दोन दिवस नीट शिकवा: रेकॉर्डर कुठे ठेवायचा, कधी गप्प बसायचं, प्रश्न न वाचता गप्पा कशा चालू ठेवायच्या. तिला पैसे द्या, आणि प्रबंधात ती तयार असेल तर नावानिशी श्रेय द्या. बेलफास्टमध्ये १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ लेस्ली मिलरॉय 'मित्राची मैत्रीण' म्हणून लोकांच्या घरी जात, त्यामुळे त्यांना बैठकीच्या खोलीतलं खरं बोलणं मिळालं. तुम्हाला तशी ओळख मिळायला वेळ लागेल. या मुलीकडे ती जन्मापासून आहे. तिने आपल्या आजीला विचारलेली गोष्ट आणि तुम्ही विचारलेली गोष्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल. यात प्रवासखर्चही वाचतो, हे मार्गदर्शकांना सांगायला हरकत नाही.

विचारायचं काय? लबाव लोकांना विचारत, 'आता आपण मेलोच असं तुम्हाला कधी वाटलं होतं का?' असं काही आठवलं की सांगणारा भाषेवरचं लक्ष विसरतो. पण हा प्रश्न सगळीकडे चालत नाही. इंग्लंडमधल्या नॉर्विचला भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांना तो सोडून हसू आवरेना अशा प्रसंगांबद्दल विचारावं लागलं. तुमच्या भागात मरणाचा विषय ऐन तिन्हीसांजेला काढलात तर आजी उठून आत जातील. देवचाराचं विचारा. कोणाला रात्री वाटेवर चकवा लागला, पुरात साकव वाहून गेला तेव्हा पलीकडे कसे अडकले, पहिल्यांदा मुंबईला बोटीने किंवा एसटीने कसे गेले. प्रत्येक घरात यातली एक तरी गोष्ट असते, आणि ती घरातल्यांनी दहा वेळा ऐकलेली असते. म्हणून ती सांगताना कोणीतरी मध्ये बोलून दुरुस्त करतं, आणि मग दोघांत जुंपते. ते होऊ द्या, तुम्ही बोलू नका.

इतकं सगळं दुरून जमत असेल तर जायचंच कशाला? तुम्ही जायलाच हवं, पण मुलाखती 'उरकायला' नको. ज्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर नीट ऐकू येत नाही ती फक्त तिथेच भेटतील. 'हयसर', 'थंयसर' (इथे, तिथे) म्हणताना हात कुठे जातो, माडाकडे की नदीकडे, ते तिथेच दिसेल. चारजणी मिळून सोलं वाळत घालत असताना होणारं बोलणं कोणत्याही कॉलवर येणार नाही. उच्चारांसाठी लागणारी स्वच्छ ध्वनिमुद्रणंही तिथेच करा: कॉलरला लावायचा मायक्रोफोन, ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिटची वेव्ह फाइल, पंखा आणि फ्रिज बंद, सिमेंटच्या उघड्याबोडक्या खोलीऐवजी गाद्या-कपडे असलेली माजघराची खोली. शक्य असेल तर रेकॉर्डर घरातल्यांकडे सोपवून तुम्ही देवळापर्यंत चक्कर मारून या.

परीक्षकांची भीती तुम्ही जरा जास्त घेतली आहे. 'ऑनलाइन' हा शब्द पाहून कोणी साहित्य नाकारणार नाही. ते विचारतील की कोणतं बोलणं कसं मिळालं आणि तुम्ही कशाची कशाशी तुलना केलीत. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत बोलणाऱ्याचं वय, गाव, मुंबईत काढलेली वर्षं, ऐकणारं कोण होतं आणि त्यांचं नातं काय, साधन कोणतं, जागा कोणती, एवढं लिहून ठेवा. निम्मे लोक झूमवर आणि निम्मे समोर असं करून दोन गटांची तुलना करू नका, कारण मग फरक माणसांचा की साधनाचा ते कळणार नाही. त्याऐवजी दोन-तीन जणांना तीच गोष्ट तीन वेळा सांगू द्या: तुम्हाला झूमवर, तुम्हाला समोर, आणि आपल्या माणसाला. दर वेळी क्रियापदांची कोणती रूपं आली ते मोजा. क्रम प्रत्येकाचा वेगळा ठेवा, कारण तिसऱ्यांदा सांगताना गोष्ट आटते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तीही ऐका, आणि घाटगे यांच्या १९६५ च्या कुडाळीवरच्या (कुडाळकडच्या बोलीवरच्या) पुस्तकातले नमुने शेजारी ठेवा. तुमचं साहित्य त्यांच्यापेक्षा कुठे वेगळं आहे ते सांगता आलं की पद्धतीचं प्रकरण आपोआप भक्कम होईल.

आत्तापर्यंतच्या झूम-मुलाखती अजिबात फेकू नका. सिंधुदुर्गातली माणसं अनोळखी शिकलेल्या बाईला गोष्ट सांगताना कसं मराठी बोलतात, आणि त्यातून मालवणी कुठे डोकावते, याचा तो पुरावा आहे. तुलनेची एक बाजू तुमच्या हातात आधीच आहे.

हेच वऱ्हाडी, अहिराणी किंवा झाडीबोलीवर काम करणाऱ्यांनाही लागू पडतं. तंजावरकडची मराठी किंवा मॉरिशसमधली मराठी ज्यांना अभ्यासायची आहे त्यांना तर बहुतेक वेळा दुरूनच सुरुवात करावी लागते. त्यांनीही प्रश्नावली पाठवण्याआधी त्या घरांत ती भाषा आज कोण कोणाशी बोलतं हे विचारावं, आणि त्या दोघांना बोलू द्यावं.

जायचं कधी, एवढंच राहिलं. पावसाळ्यात कौलांवरच्या आवाजापुढे कोणताही मायक्रोफोन टिकत नाही. चतुर्थीला घरं भरलेली असतात पण कोणाला उसंत नसते. भातकापणी उरकली की नोव्हेंबरच्या शेवटी जा. तेव्हा जत्रा सुरू झालेल्या असतात, देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो, आणि दुसऱ्या दिवशी जो झोपून राहिला त्याला बाकीचे सगळी गोष्ट सांगतात. राजाचं बोलणं सांगताना ते नाटकातलं मराठी बोलतील आणि पडद्यामागे काय घोटाळा झाला ते मालवणीत. तुमच्या जोडीदारणीला त्या रात्री मुद्दाम घरी झोपायला सांगा, आणि सकाळी तिला विचारू द्या, "काल काय झाला गो?"